ताईंनी बेतलेली पदवी

आमच्या ताईंना कापड वाया गेलेलं खपत नाही. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नणंद म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते, ती कृपा करून आवरा. आमच्या घरात भांडण उकरून काढायचं खातं माझ्याकडे आहे आणि मी ते मन लावून सांभाळते. ताईंचं खातं शिवणकामाचं. खाली त्यांचं दुकान, वर आम्ही सगळे, आणि मधल्या जिन्यावर बारा महिने दोऱ्यांचे तुकडे.

ताई शाळेचे गणवेश शिवतात. चौकापलीकडच्या शाळेतली झाडून सगळी पोरं दरवर्षी त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहतात. गळ्यात सदानकदा टेप, म्हणून पोरं त्यांना टेपमावशी म्हणतात. दुसरा शिंपी जिथं चार मीटर मागेल तिथं ताई तीन मीटरमध्ये भागवतात. खाकी कागदाचे साचे कापडावर असे फिरवतात, बाहीच्या पोटात कॉलर, कॉलरच्या कुशीत खिसा, की टेबलाखाली उरलेल्या चिंध्यांत बाहुलीचाही झगा होणार नाही. "शिवतं कुणीही, बेतता आलं पाहिजे," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एवढी काटकसर करूनही प्रत्येक गणवेशात शिवणीच्या आत आणि खालच्या पट्टीत चांगलं चार बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं असायचं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की टाके उसवायचे, दुमड मोकळी करायची, की गणवेश आणखी वर्षभर चालतो.

माप घेताना ताई पाढे विचारायच्या. छातीचं माप घेताना सातचा, कमरेला आठचा, आणि उंची घेताना तेराचा. चुकलं की टेप सुटायचा नाही. एकदा एक पोरगा कमरेपाशी अडकला तो आईनं येऊन सोडवून नेला. "माप द्यायला आलाय की परीक्षेला?" आई म्हणाली. ताई म्हणाल्या, "कंबर वाढलीय, पाढे नाहीत वाढले. दोन्ही बघावं लागतं."

तेव्हा आम्हाला वाटायचं हा त्यांचा विक्षिप्तपणा. पण एकदा त्या बोलून गेल्या. शिवलेल्या कपड्यांचा गठ्ठा शाळेत द्यायला जायच्या, तो कचेरीच्या दारात ठेवून परत. त्या दाराच्या बाजूलाच गणिताचा वर्ग. ताई विनाकारण चपलेचा पट्टा ठीक करत तिथं वाकून उभ्या राहायच्या, आतला हिशेब पुरा होईपर्यंत. "माझ्या हातचे कपडे रोज आत जातात," त्या एकदा जेवताना म्हणाल्या, "आणि मी दारातूनच परत." असं म्हणून त्यांनी भात वाढून घेतला. 

ताईंनी तरुणपणी विद्यापीठात गणिताची दोन वर्षं केली होती. मग शिवणकाम गळ्यात पडलं आणि ते राहून गेलं. लग्नही राहून गेलं, पण ते का, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नाही.

आणि मग एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना लहानथोर सगळेच मोठ्या बाई म्हणतात, ताईंच्या दुकानात आल्या. आल्या होत्या पडद्यांसाठी. बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या गणिताच्या बाई तीन वर्षांनी निवृत्त होतायत. तुम्ही तेवढ्यात शिक्षकाची पदवी पुरी केलीत, तर त्या खुर्चीवर मी दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. पण पदवीशिवाय माझे हात बांधलेले आहेत. आणि तीन वर्षांपलीकडे मला थांबता यायचं नाही."

पडदे राहिले बाजूला. त्या संध्याकाळी ताई जिना चढून वर आल्या त्या थेट माझ्यापुढे. मी विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीवर बसते. माझं काम म्हणजे दिवसभर काचेच्या भोकातून लोकांना 'नाही' म्हणणं.

"अगं, संध्याकाळच्या वर्गानं पदवी किती वर्षांत होते?"

"जुनी दोन वर्षं धरली तरी अजून चार."

"तीनमध्ये बसव."

"ताई, ते काय कापड आहे?"

"सगळं कापडच असतं," ताई म्हणाल्या. "तू विषय आण, मी बेतते."

मी नियमांचं पुस्तक आणलं. ताईंनी बेतायच्या टेबलावरून अर्धवट शर्ट हलवले आणि खाकी कागदाचे तुकडे कापायला बसल्या. एकेक विषय म्हणजे एकेक साचा. जड विषय लांब, हलका विषय आखूड. आधी अमुक केल्याशिवाय तमुक करता येणार नाही असं जिथं होतं, तिथं दोन साचे टाचणीनं जोडले. "कळलं," त्या म्हणाल्या, "खांदे जोडल्याशिवाय कॉलर लावायची नाही. त्यात काय एवढं?" टेबलावर खडूनं तीन पट्टे आखले, तीन वर्षांचे, आणि साचे सरकवायला लागल्या.

हे जेवून खाली आले. आमचे हे दवाखान्यात औषधं देतात. त्यांनी टेबलावर नजर टाकली आणि गंभीरपणे विचारलं, "यातले जेवणाआधी कुठले आणि नंतरचे कुठले?"

"धाकट्या, हात लावलास तर सुई टोचीन," ताई म्हणाल्या.

कबूल करते, बघण्यासारखं होतं ते. गणित शिकवण्याच्या पद्धतींचा विषय त्यांनी असा ठेवला की तो गणितातही मोजला जावा आणि शिक्षणशास्त्रातही. जिथं दोन पानं वाचून मी 'चालत नाही' म्हणायच्या बेतात होते, तिथं ताई तिसरं पान उघडून दाखवायच्या की चालतं. सुट्टीतल्या वर्गांत त्यांनी दोन विषय आडवे घातले. शेवटी एक चिमुकला तुकडा हातात उरला. बालमानसशास्त्र.

"हा काय, खिसा," ताई म्हणाल्या. "कुठल्याही कोपऱ्यात बसेल." आणि दुसऱ्या वर्षाच्या अगदी टोकाला तो खोचला. नेमके तेच दिवस शाळा उघडण्याआधीचे, गणवेशांच्या गर्दीचे.

"ताई, तो विषय झाल्याशिवाय सराव पाठ देता येत नाहीत. आणि सराव पाठ वर्षातून एकदाच असतात. जरा मोकळी जागा ठेवा."

"मोकळी कशाला? चिंध्या करायला? आणि पोरांबद्दल मला कोण काय शिकवणार? जन्म गेला पोरांना उभं करून मोजण्यात."

मी गप्प बसले. मी गप्प बसले ही बातमी यांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सांगितली म्हणे.

पहिलं वर्ष हां हां म्हणता गेलं. ताई शिलाई मशीनच्या डोक्यावर पुस्तक उभं करून वाचायच्या, पान उलटताना पाय थांबायचा नाही. वर्गात पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. त्यांच्या शर्टांची बटणं तुटलेली ताईंना बघवायची नाहीत, म्हणून त्या पिशवीत सुईदोरा न्यायला लागल्या. शिक्षणाचा इतिहास चालू असताना मागच्या बाकावर बटणं लागत होती. दुसऱ्या वर्षीही सगळं मापात. एकेक विषय झाला की ताई तो साचा उचलून खिळ्याला अडकवायच्या. खिळा जाड होत चालला आणि ताई माप घेताना गुणगुणायला लागल्या. आता पाढे चुकले तरी पोरं सुटायची.

मग बालमानसशास्त्राचा निकाल लागला. ताई नापास.

निकाल आधी मला कळला, कारण तो माझ्याच खिडकीतून बाहेर जातो. मी तीनदा क्रमांक ताडून पाहिला. घरी येऊन सांगितलं तर ताई म्हणाल्या, "चूक असेल." मी म्हटलं, "लिहिलंत तरी काय?"

पहिला प्रश्न असा होता की वर्गात सतत चुळबुळ करणाऱ्या मुलाला शिक्षक म्हणून तुम्ही कसं समजून घ्याल, सविस्तर लिहा. ताईंनी सविस्तर लिहिलं होतं, "प्रथम कमरेचा पट्टा पाहावा. बहुधा घट्ट असतो." दुसरा प्रश्न मुलाच्या वाढीच्या टप्प्यांचा. त्यावर लिहिलं होतं, "मूल दरवर्षी दोन बोटं वाढतं. आठवीत एकदम चार. पट्टी त्या बेतानं ठेवावी."

मी हसू दाबायला गेले आणि मला उचकी लागली. पुस्तक त्यांनी उघडलंच नव्हतं. गणवेशांची गर्दी होती, आणि माज होता. माज हा शब्द मी तोंडावर वापरला. ताईंनी कात्री खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघून मला माझी जीभ चावावीशी वाटली.

कारण आता सगळंच उसवणार होतं. बालमानसशास्त्र पुन्हा द्यायचं तर पुढच्या परीक्षेपर्यंत थांबायला हवं, तोवर यंदाचे सराव पाठ होऊन जाणार, ते परत पुढच्या वर्षी. म्हणजे तीनची चार वर्षं. आणि मोठ्या बाईंची खुर्ची तीन वर्षांपलीकडे थांबणार नव्हती. साऱ्या जगाच्या पोरांसाठी चार बोटं माया ठेवणाऱ्या बाईनं स्वतःच्या बेतात एक बोटही ठेवलं नव्हतं.

पण मी काही उगाच खिडकीवर बसत नाही. 'नाही' म्हणायचं तर कुठं 'हो' म्हणता येतं, ते आधी पाठ असावं लागतं. "एक वाट आहे," मी म्हटलं. "विषय शिकवणाऱ्या मॅडमनी शिफारस केली, तर नापास विषय आणि सराव पाठ एकाच वेळी करू देतात. मॅडमच्या मनावर आहे. उद्या माझ्याबरोबर चला, आणि जरा नरमाईनं बोला."

"नरमाईनंच बोलते मी नेहमी," ताई ओरडल्या.

मॅडमची खोली दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळच्या वर्गाला दीडशे जण आणि ताई मागच्या बाकावर बटणं लावत बसलेल्या, त्यामुळे दोघी कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या. टेबलावर पेपरांचे ढीग, त्यामागे जाड भिंगांचा चष्मा, आणि चष्म्यामागे पस्तिशीच्या मॅडम. त्यांनी वर पाहिलं आणि खुर्ची सरकवून उभ्याच राहिल्या.

"टेपमावशी! तुम्ही?"

ताईंनी डोळे बारीक केले. त्या माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, खांद्यांवरून ओळखतात. "डावा खांदा उतरता," त्या म्हणाल्या. "तू ती! शेवटच्या बाकाखाली लपणारी. गठ्ठा द्यायला आले की दारातून दिसायचीस. स्कर्ट आखूड झालाय म्हणून पोर लाजतंय असं वाटलं मला. घरी निरोप धाडून स्कर्ट मागवला आणि पट्टी सोडून दिली."

नरमाई राहिली एकीकडे, मॅडमना 'अगं-तुगं' सुरू झालं होतं. मी मागून पदर ओढला, पण ताईंना भान नव्हतं.

"आठवतंय मला," मॅडम हसल्या. "छान लांब झाला होता स्कर्ट. पण मी लपतच राहिले."

"का गं?"

"मला फळा दिसायचा नाही, मावशी. बाईंनी वाचायला उभं केलं तर काय, म्हणून बाकाखाली. सहावीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तरी कुठं माहीत होतं? वाटायचं, सगळ्यांना फळा असाच दिसत असेल, बाकीचे हुशार म्हणून वाचतात."

ताई मग हळूच म्हणाल्या, "मी तर तुला डोक्यापासून पायापर्यंत मोजत होते दरवर्षी."

"हो. आणि पाढेही विचारत होतात. पाढे यायचे मला. ते ऐकून पाठ होतात." मॅडमनी ढिगातून एक पेपर काढला, उत्तरांवरून तो ताईंचाच असणार हे त्यांनी आत्ता ओळखलं होतं. "पट्टा बघावा हे काही चूक नाही. पोरं खरंच पट्ट्यानं चुळबुळतात. पण पट्टा सैल निघाला तर पुढे काय, ते तुम्ही लिहिलंच नाहीत."

"मला ठाऊकच नव्हतं," ताई म्हणाल्या. असं वाक्य त्यांच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं.

"बरं, आज काय काम काढलंत?"

हीच वेळ होती. मी मागून ताईंना कोपर मारलं. एकदा मारलं, मग जोरात मारलं. मॅडमचा चेहरा इतका मऊ झाला होता की शिफारसच काय, त्यांनी चष्मासुद्धा काढून दिला असता.

ताई म्हणाल्या, "पुस्तक कुठलं वाचू, एवढंच विचारायला आले होते."

जिना उतरेपर्यंत मी दम धरला. मग माझा तोल गेला. "ताई, तोंडाशी आलेला घास होता! एक शब्द टाकायचा होता. तिनं नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं. तेच तर."

"तेच तर काय?"

"मी खुर्चीवर जाऊन बसले असते. आणि एखादं पोर बाकाखाली लपलं असतं, तर मी त्याचा पट्टा सैल करून वर नऊचा पाढा विचारला असता." आणि त्या चौकाकडे चालू लागल्या. भांडायला काही शिल्लकच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मोठ्या बाईंना ताईंनी स्वतः जाऊन सांगितलं. मोठ्या बाईंना वाईट वाटलं, पण वर्ष संपल्यावर खुर्चीवर कुरळ्या केसांचा एक तरुण मास्तर आला. चांगला होता, हे आणखी वाईट. ताई गठ्ठा द्यायला गेल्या तेव्हा त्यांनी दारात वाकून त्याचा एक हिशेब ऐकला आणि घरी येऊन भरदुपारी दुकान बंद केलं. मी खाली गेले तर मशीनवर डोकं टेकून रडत होत्या. मी पाठीवर हात ठेवला आणि मलाही रडू आलं. हे दवाखान्यातून आले, दोघींना बघून घाबरले आणि चहा करून आणला. त्यात इतकी साखर होती की दोघींना रडणं थांबवून त्यांना बोलावं लागलं.

उरलेले साचे तर ताईंनी मॅडमकडून परत आल्या त्याच आठवड्यात पुन्हा टेबलावर मांडले होते. या खेपेला बालमानसशास्त्राचा कागद नवा कापला होता, चांगला हातभर लांब. आणि टेबलावर चौथा पट्टा आखून त्याच्या टोकाला मोकळी जागा सोडली होती. यांनी विचारलं, "इथं काय बसणार?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "माया आहे ती. ठेवलीय."

मास्तर यायच्या आधीच्या त्या गणवेशांच्या गर्दीत ताईंनी पहिल्यांदाच दोन बायका मदतीला घेतल्या आणि पुस्तक उघडलं. रोज जेवताना आम्हाला एकेक प्रकरण ऐकवायच्या. माणूस ऐकत नसला तरी ऐकल्यासारखं का करतो, हे सांगताना त्यांनी यांच्याकडे इतका वेळ रोखून पाहिलं की यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. परीक्षेला नेमका तोच प्रश्न आला, चुळबुळ करणाऱ्या मुलाचा. ताईंनी पाच पानं लिहिली. घर, झोप, डोळे, कान, भीती, शेजारचं पोर, काही काही सोडलं नाही. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, "पट्टाही पाहावा." मॅडमनी त्या ओळीला वेगळा अर्धा गुण दिला होता आणि समासात लिहिलं होतं, "मान्य."

सराव पाठ झाले, पदवी झाली, खिळ्यावर शेवटचा साचा चढला. नोकरी लागली ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायच्या शाळेत. तिथले गणवेश तयार येतात, कंपनीचे. मुलाखतीला गेल्या तेव्हाच ताईंनी एका पोराच्या पँटची पट्टी उलटून पाहिली होती. "एक बोट माया नाही," त्या घरी येऊन म्हणाल्या. "मूल वाढणारच नाही असं धरून चाललेत मेले."

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसलो होतो. बसवरून ताई चालत आल्या. गळ्यात टेप नव्हता, त्यामुळे मान उघडी पडल्यासारखी वाटत होती.

"काय, बाई?" हे म्हणाले. "कसं झालं?"

ताई पायरीवर आमच्यामध्ये बसल्या. चपला काढल्या. "चाळीस पोरं," त्या म्हणाल्या. "आणि एकाचंही माप मला माहीत नाही."

"मग हो?" मी विचारलं.

"मग काय. एकेकाला विचारत बसले. तुला फळा दिसतो का, ऐकू येतं का, सकाळी काय खाल्लंस, घरी कोण असतं. एक पोरगी बोलेचना. तिच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा बोलली. मग थांबेचना." ताईंनी पाय लांब केले. "घंटा झाली तेव्हा खडूसुद्धा उचलला नव्हता मी. शिकवायचं सगळं तसंच राहिलं. अख्खा तास वाया गेला."

असं म्हणाल्या आणि हसल्या.